घोडा आणि चंदी

परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पेढे घेऊन नव्हे, तक्रार घेऊन. १९८८ च्या दहावीच्या तुकडीतला. गणितात काठावर पास, पण मनाने सरळ. आता त्याला गावात सगळे शेठ म्हणतात. रस्त्यालगतच्या जमिनीला भाव आला, चार एकर विकली, मग गाड्या आल्या, गळ्यात साखळी आली आणि सगळ्यात शेवटी कमरेला रिव्हॉल्व्हर आले. पॉइंट बत्तीस.

"बाई, हे बत्तीस काही कामाचं नाही. मोठा बोअर पाहिजे," तो म्हणाला.

का, म्हणून विचारले तर घडलेली हकीकत सांगितली. शेतीपंपाला त्या आठवड्यात रात्रीची वीज होती. धाकटा भाऊ मोटर चालू करून दोनच्या सुमारास मागच्या दाराने घरात येत होता. कुत्री भुंकली, हा दचकून उठला, उशाचे रिव्हॉल्व्हर उचलले आणि अंधारात जे हलताना दिसले त्यावर दोन गोळ्या झाडल्या. अंतर पाच-सहा पावलांचे. एक गोळी दाराच्या चौकटीत रुतली, दुसरी पाण्याच्या पिंपातून आरपार गेली. भाऊ ओरडला म्हणून तिसरी झाडली नाही.

आणि यावरून आमच्या शेठने काढलेला निष्कर्ष काय, तर बोअर लहान पडला! सख्खा भाऊ थोडक्यात वाचला, आणि हा माणूस माझ्यासमोर बसून कॅलिबरची चर्चा करत होता. मी त्याला आधी पोलिसांत वर्दी देऊन यायला सांगितले. त्याने ती दिली. त्याचे पुढे काय झाले हे इथे लिहिण्याचे कारण नाही. पण बोअरच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी त्याला देणे लागते. कारण चार वर्षांपूर्वी त्याच्या परवान्याच्या वेळी चौकशीला आलेल्या हवालदाराने मला विचारले होते, "बाई, माणूस कसा आहे?" मी म्हटले, "चांगला आहे." ते खरेच होते. नेम कसा आहे, हात किती स्थिर आहे, हे मला कुणी विचारले नाही आणि मीही आपणहून बोलले नाही. ते आता टोचते.

तर हे उत्तर त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारख्या पुष्कळांसाठी. (एका सत्तरी ओलांडलेल्या बाईने हे कशाला लिहावे असे ज्यांना वाटते त्यांना सांगते. माझे पती खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, मी शाळेत मुलींच्या एनसीसीचे काम बरीच वर्षे पाहिले, आणि माझी नात बालेवाडीला २५ मीटर पिस्तूल नेमबाजीचा सराव करते. घरात तीन पिढ्या काडतुसांचा विषय आहे म्हणा ना!)

आधी शब्दाचा घोळ मिटवू. पॉइंट बत्तीस म्हणजे नळीच्या व्यासाचे माप, साधारण ०.३२ इंच, म्हणजे आठ मिलिमीटरच्या आसपास. पॉइंट बावीस म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या थोडे वर. एअर पिस्तुलाचा छर्रा पॉइंट एकशे सत्त्याहत्तरचा, म्हणजे साडेचार मिलिमीटर. (बारा बोअरचे गणित मात्र वेगळे. त्या नळीत बरोबर बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड, म्हणून बारा बोअर. तिथे आकडा वाढला की नळी लहान होते. हे वर्गात सांगितले की मुले हमखास गोंधळत.)

चहाच्या टपरीवर बोअरच्या गप्पा चालतात त्या सगळ्या उसन्या असतात. मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघायचे आणि नाइन एमएम बरे की पॉइंट पंचेचाळीस यावर हिरिरीने भांडायचे. अरे बाबांनो, आपल्याकडे नाइन एमएम पिस्तूल, पॉइंट अडतीस, पॉइंट चारशे पंचावन्न हे सगळे निषिद्ध बोअर आहेत. सामान्य नागरिकाला ते मिळत नाहीत. हातातल्या शस्त्रात तुमच्या-माझ्यासाठी खरी निवड उरते ती पॉइंट बत्तीस आणि पॉइंट बावीस यांतली. म्हणजे जेवायला पिठले आणि भाकरी असताना पंचपक्वान्नांच्या यादीवर वाद घालण्यातला हा प्रकार.

आता मुद्द्याचे. मराठीत बंदुकीच्या चापाला घोडा म्हणतात. मुंबईच्या बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. मला हा शब्द फार समर्पक वाटतो. जुन्या काळी कुणी घोडा बाळगायचा म्हटला की घरातले वडीलधारे पहिला प्रश्न विचारीत, "चंदीचं काय?" घोड्याची किंमत एकदाच द्यावी लागते, चंदी रोज. पिस्तुलाची चंदी म्हणजे काडतुसे. आणि आमचे शेठ लोक घोडा निवडतात तो खोगिराचा रंग बघून!

मी त्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावली. (सवय जात नाही.) "परवान्यावर किती काडतुसं आहेत?" एका वेळी ५०, वर्षाला १००. "आजवर किती घेतलीस?" चार वर्षांपूर्वी ५० चा एक डबा. "किती उडवलीस?" परवान्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला लागतो तेव्हा सहा, आणि त्या रात्री दोन. म्हणजे चार वर्षांत आठ. उरली ४२. आणि ती ४२ चार वर्षे कधी कमरेच्या पट्ट्यात घामात, कधी कपाटात तेलाच्या फडक्यात. दर दसऱ्याला पूजा मात्र नेमाने! २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता लागल्या, तेव्हा दोन्ही वेळा शस्त्र पोलीस ठाण्यात जमा होते, ते दिवस वेगळेच.

"सराव का नाही केलास?"

"बाई, एक गोळी दीडशेला पडते. उडवायला जिवावर येतं."

हे ऐकून मी खरोखर हात टेकले. लाखाच्या घरातले शस्त्र घेताना जिवावर आले नाही. चामड्याचे पाकीट करून घेताना आले नाही. आणि ज्यासाठी हे सगळे करायचे त्या गोळीला दीडशे रुपये जड झाले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. इथे मसाला आणला नाहीच, कोंबडीच कपाटात ठेवून दिली आणि चार वर्षांनी अंधारात बाहेर काढली.

पण मी त्याच्यावर नुसती चिडले नाही, कारण गणित पुढे केल्यावर एक गोष्ट माझ्याही लक्षात आली. समजा याने कंजूषपणा सोडला. वर्षाची १०० काडतुसे घेतली, १५,००० रुपये मोजले. शंभराला बारांनी भागा. महिन्याला आठ, बाकी चार. सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर महिन्यातून एकदा भरायचे आणि वर दोन. एवढ्याने कुणाचा हात बसतो का? माझी नात एका दिवसाच्या सरावात ६० गोळ्या उडवते, कारण तिच्या स्पर्धेचा सामनाच ६० गोळ्यांचा आहे, ३० संथ आणि ३० जलद. म्हणजे पॉइंट बत्तीसच्या परवान्यावर जेवढा सराव शेठला वर्षभरात करता येईल तेवढा ती दोन दिवसांत संपवते. मग प्रश्न पैशांचाही उरत नाही. ज्या बोअरची गोळी तुम्हाला महागही आहे आणि मोजूनही मिळते, त्या बोअरवर तुम्ही शिकू शकत नाही. शिकायचे दुसऱ्या बोअरवरच.

आता दुसऱ्या बोअरची चंदी बघा. नातीची पॉइंट बावीसची गोळी वीस-पंचवीस रुपयांना पडते. साठांचे झाले पंधराशेपर्यंत. तीच साठ पॉइंट बत्तीसमध्ये उडवली तर नऊ हजार. आणि एअर पिस्तुलाचे छर्रे? ५०० चा डबा येतो, एक छर्रा दोन रुपयांच्या आत-बाहेर. साठ छर्रे, सव्वाशे रुपयांच्या आत खेळ आटोपला. शिवाय अशा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. नेम धरणे, श्वास रोखणे, घोडा झटका न देता मागे घेणे, बोट कधी आत घालायचे आणि कधी बाहेर ठेवायचे, हे सगळे दोन रुपयांच्या छर्ऱ्यावर शिकता येते.

पॉइंट बावीस स्वस्त का, हे मला आमच्या ह्यांनी एकदा जेवता जेवता समजावले होते. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक वेगळी टोपी बसवावी लागते. घोड्याची सुई त्या टोपीवर बसते आणि ठिणगी पडते. पॉइंट बावीसला ही टोपीच नसते. पुंगळीच्या बुडाची कड पोकळ ठेवून तिच्यातच ठिणगीचा मसाला भरलेला असतो आणि सुई कडेवर आपटते. एक भाग कमी, पितळ पातळ, शिसे कमी, दारू चिमूटभर. म्हणून स्वस्त, आवाज कमी आणि हाताला धक्काही कमी. धक्का कमी म्हणजे शिकणाऱ्याच्या मनात भीती बसत नाही. भीती बसली की माणूस गोळी सुटण्याआधीच डोळे मिटतो आणि मनगट खाली दाबतो. नातीच्या प्रशिक्षकांच्या मते एकदा लागलेली ही खोड घालवायला महिने जातात.

आमच्या एनसीसीत हे शहाणपण आधीपासून होते. मुलींना पॉइंट बावीसच्या रायफली देत. एकेकीला मोजून पाच गोळ्या. त्या पाच जवळजवळ पडल्या पाहिजेत, मग भले मधल्या ठिपक्यापासून लांब का असेनात. त्याला ग्रुपिंग म्हणत. गोळीबार संपला की उस्ताद पुंगळ्या मोजायला बसत. एकदा एक पुंगळी कमी भरली. उस्ताद हलायला तयार नाहीत. आम्ही वीस मुली आणि मी, गवतात गुडघ्यांवर बसून दिवस मावळेपर्यंत शोधत होतो. शेवटी ती एकीच्या वेणीत अडकलेली सापडली. त्या दिवसापासून मला काडतूस ही चीज काय आहे ते कळले. सैन्याची एवढी मोठी यंत्रणा, पण मुलींना शिकवताना त्यांनी स्वस्तातली गोळी निवडली आणि तिचाही हिशेब ठेवला. आमच्या शेठच्या घरात त्या रात्रीच्या दोन पुंगळ्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रातच तीन दिवस तशाच होत्या. त्याने काढून बघितलेसुद्धा नव्हते!

यावर एक आक्षेप येतो तो मला मान्य आहे. पॉइंट बावीसची गोळी कधी कधी फुसकी निघते. कडेतला मसाला सगळीकडे सारखा बसला नसेल आणि सुई नेमकी कोरड्या जागी पडली तर नुसता टक् आवाज होतो. मधल्या टोपीचे काडतूस त्या मानाने भरवशाचे. म्हणून स्वसंरक्षणासाठीच शस्त्र बाळगायचे असेल तर पॉइंट बत्तीस बरे, असे कुणी जाणकार म्हणाला तर मी वाद घालणार नाही. पण हे म्हणायचा अधिकार हजार-दोन हजार गोळ्या झाडलेल्याला. आठ झाडलेल्याला नाही.

दुसरा आक्षेप मात्र मला अजिबात मान्य नाही. पॉइंट बावीस म्हणजे खेळणे, पोरीबाळींचे काम, असे म्हणणारे भेटतात. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींचा खून झाला तो पॉइंट बावीसच्या रिव्हॉल्व्हरने. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांना लागलेली गोळी पॉइंट बावीसचीच, आणि ते मरता मरता वाचले. खेळणे म्हणून जो ते हाताळेल तो कुणाचा तरी जीव घेईल. आणि पोरीबाळींचे म्हणाल तर कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चँगवॉनचे विश्वचषक सुवर्ण आणि २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवले ते याच पोरीबाळींच्या बोअरवर, २५ मीटर पिस्तुलात. मिशा पिळणाऱ्या किती जणांनी मिळवले?

मोठा बोअर घेतला की काम होते हा समज काही आपल्याच गावातला आहे असे नाही. अमेरिकेच्या एफबीआयचे उदाहरण घ्या. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी त्यांची चकमक झाली. दोन अधिकारी गेले, पाच जखमी झाले. गोळ्या लागूनही दरोडेखोर लढत राहिले होते. तेव्हा खापर फुटले नाइन एमएमच्या गोळीवर. मग दहा मिलिमीटरचे जोरदार काडतूस आणले. त्याचा धक्का पुष्कळांना सोसेना. मग १९९० मध्ये त्याचीच आखूड आवृत्ती निघाली, पॉइंट चाळीस. आणि जवळजवळ पाव शतकाने, २०१४ च्या सुमारास, त्यांचे तज्ज्ञ फिरून नाइन एमएमवरच आले. कारण? गोळीची घडण मधल्या काळात सुधारली होती, आणि धक्का कमी असला की बहुतेक माणसे जास्त अचूक व जास्त झपाट्याने झाडतात. ज्यांच्या काडतुसांचा खर्च सरकार करते त्यांनाही हा फेरा पडला. तर वर्षाला १०० वाल्याची काय कथा?

बत्तीसच्या बाबतीत अजून एक सांगून ठेवते, कारण दुकानात हा घोटाळा होतो. बत्तीस म्हणून दोन वेगळी काडतुसे मिळतात. एक रिव्हॉल्व्हरचे, लांब पुंगळीचे आणि रुंद कडेचे. दुसरे पिस्तुलाचे, आखूड. नावात दोन्हीकडे बत्तीस आहे म्हणून एकाचे दुसऱ्यात घालायचे नसते. आमच्या शेठला हा फरक ठाऊक होता का? नव्हता. "दुकानदार देतो ते बरोबरच असणार ना, बाई." औषधाच्या दुकानातसुद्धा आपण चिठ्ठी दोनदा वाचून घेतो.

२०१४ साली कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून हलके रिव्हॉल्व्हर काढले होते. निर्भीक त्याचे नाव. पॉइंट बत्तीसच, वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा वर्तमानपत्रांनी फार कौतुक केले. मला त्या वेळीच राग आला होता. एक तर सव्वा लाख कुठल्या बाईच्या पर्समध्ये असतात? आणि दुसरे म्हणजे शस्त्र जितके हलके, तितका त्याच गोळीचा धक्का मनगटाला जास्त. तिला सरावाच्या गोळ्या कोण देणार, कुठे देणार, याचा कौतुकाच्या एकाही बातमीत उल्लेख मला दिसला नाही. घोडा हलका केला म्हणून चंदी थोडीच स्वस्त होते?

आता तो प्रश्न, जो मला त्या रात्रीपासून सोडत नाही. शेठचा सराव असता, नेम पक्का असता, तर भाऊ मेला असता की नाही? हे वाचताना तुमच्याही मनात आले असेल. मी नातीला विचारले. ती म्हणाली, "आजी, सराव असलेला माणूस अंधारात झाडतच नाही. तो आधी विचारतो, कोण आहे." तिच्या रेंजवर पहिले काही दिवस गोळीच देत नाहीत म्हणे. रिकामे पिस्तूल उचलायचे, खाली ठेवायचे, बोट बाहेर. उचलायचे, ठेवायचे, बोट बाहेर. हजार वेळा हात तसा वळला की झोपेतून दचकून उठलेला हातसुद्धा तसाच वळतो. शेठचा हात कुठल्या वळणाने गेला? सिनेमाच्या.

म्हणून मी त्याला मोठा बोअर घेऊ देणार नाही. तो मला विचारायला आला आहे, परवानगी मागायला नाही हे मला कळते. पण पुन्हा हवालदार माझ्याकडे चौकशीला आला तर या वेळी माझे उत्तर तयार आहे. माणूस चांगला आहे, नेम वाईट आहे, आणि शिकायची इच्छा अजून दिसलेली नाही. आणि त्याला मी हेही सांगितले, की सराव करणार नसशील तर आहे तेही रीतसर जमा कर. त्या पैशात अंगणात चार दिवे लाव, मागच्या दाराला आतून कडी कर आणि भावाला येताना हाक मारायला सांग.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, तुमच्या नातीच्या रेंजवर मला घेतील का?"

गेल्या रविवारी आला होता. बत्तीस घरीच, कुलपात. एअर पिस्तूल हातात दिले. दहा मीटरवर सतरा सेंटिमीटरचा चौकोनी कागद, मधला दहाचा ठिपका शर्टाच्या बटणाएवढा. पन्नाशी ओलांडलेला तो धिप्पाड माणूस बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहिला. दहा छर्रे झाडले. चार कागदाला लागले, सहा कुठे गेले देव जाणे. नात बाजूला उभी राहून त्याचे बोट सारखे बाहेर काढत होती. "काका, बोट. काका, बोट."

जाताना त्याने पाचशे छर्ऱ्यांचा डबा विकत घेतला आणि कुठे मिळतो, केवढ्याला मिळतो, हे वहीत लिहून घेतले. या रविवारी येतो म्हणाला आहे. भावालाही आणतो म्हणाला.